मुलांची भूल आणि अर्ध्या मिलिमीटरचा प्रश्न

शस्त्रक्रियेवेळी बेशुद्ध मुलाच्या श्वासनलिकेत घालायची नळी आतल्या व्यासावरून, मिलिमीटरमध्ये मोजली जाते. ती सैल बसली तर प्राणवायू व भूलवायू बाजूने निसटतात. घट्ट बसणे अधिक घातक. स्वरयंत्राखाली क्रिकॉइड ही कूर्चेची अखंड कडी असते. ती ताणली जात नाही. तिथले नाजूक अस्तर दाबले गेले की नळी काढल्यावर सूज येते. प्रौढाला जेमतेम जाणवणारी एक मिलिमीटर सूज तान्ह्या बाळाचा श्वास कोंडवू शकते.

दोन वर्षांपुढील मुलांसाठी रूढ सूत्र सोपे आहे: वयाला ४ ने भागून ४ मिळवायचे. चार वर्षांच्या मुलाला त्यानुसार ५ मिलिमीटरची नळी लागते. फुगा असलेली नळी अर्ध्या मिलिमीटरने लहान घेतात. करंगळीच्या जाडीवरून बांधला जाणारा जुना अंदाज मात्र बेभरवशाचा. अर्थात सूत्रही चुकते, म्हणून भूलतज्ज्ञ अर्ध्या मिलिमीटरने लहान व मोठी नळी हाताशी ठेवतात.

पूर्वी आठ वर्षांखालील मुलांत फुग्याची नळी टाळली जाई. आता ती सर्रास वापरतात, फक्त फुग्यातील दाब मोजावा लागतो. मूल अपुऱ्या दिवसांचे असेल किंवा पूर्वी व्हेंटिलेटरवर राहिलेले असेल, तर पालकांनी ते भूलतज्ज्ञांना आधीच सांगावे. अशा मुलांचा श्वासमार्ग वयाच्या मानाने अरुंद असू शकतो.