अक्का बुद्धाची, धाकली येशूची

उदगीरच्या माणसाला भाषा किती येतात हे मोजत बसू नये. बाजारात दखनी, सोयऱ्यांत कानडी, देगलूरकडचा कुणी भेटला तर चार तेलुगू शब्द, आणि घरात आपली ‘करलालाव, जालालाव’ची मराठी. निजामाच्या राज्यात आमचा तालुका बीदर जिल्ह्यात होता, त्यामुळे लेकी द्यायच्या त्या भालकीला नाहीतर कमालनगरला. १ नोव्हेंबर १९५६ला राज्यांची फेरमांडणी झाली. उदगीर मुंबई राज्यात आलं, भालकी म्हैसूर राज्यात गेली. त्याच्या आधी जेमतेम अठरा दिवस, १४ ऑक्टोबरला, बाबासाहेबांनी नागपुरात दीक्षा घेतली होती. माझ्या आजीच्या डोक्यात या दोन गोष्टी कायमच्या एकमेकींत मिसळल्या होत्या. “राज बदललं तवाच देव बी बदलले,” असं ती सांगायची, आणि तलाठ्यानंच दोन्हीची नोंद केली असावी असा तिचा सूर असायचा.

आजी थोरली, उदगीरला दिलेली. तिची धाकटी बहीण भालकीला. आम्ही तिला भालकीची आजी म्हणायचो. ती माझ्या आजीला अक्का म्हणायची. भालकीचे आजोबा मिशनच्या शाळेत मास्तर होते, घर ख्रिस्ती. बीदर भागात मेथडिस्ट मिशननं फार आधीपासून शाळा आणि दवाखाने काढले होते आणि गावोगावच्या महार-मांगांच्या वस्त्यांत त्यांचं जाणं-येणं होतं. लग्नाच्या वेळी मुलगा ‘तिकडचा’ आहे हे आमच्या पणजोबांना ठाऊक होतं की नव्हतं, यावर घरात दोन मतं आहेत. मला वाटतं ठाऊक होतं. मुलगा मास्तर, दारूला शिवत नाही, एवढ्यावर त्या काळी कुणीही बाप डोळे मिटून पोर दिली असती.

मास्तरांच्या घरात येशू कसा आला, ही गोष्ट भालकीची आजी दर उन्हाळ्यात सांगायची. आम्ही अंगणात पोत्यावर बसलेलो, ती अंबाडीची पानं निवडायची आणि देठं आमच्या अंगावर टाकायची. मास्तरांच्या वडिलांची लेकरं पटकीत गेली. गावातलं कुणी वस्तीकडं फिरकलं नाही. पादरी आला, ओट्यावर बसला आणि त्यानं आमच्या मडक्यातलं पाणी मागून घेतलं. ही हकिकत दर वेळी थोडी बदलायची. पादरी कधी घोड्यावरून यायचा, कधी सायकलवरून, एकदा तर छकड्यातून आला. कधी तो गोरा असायचा, कधी आपल्यातलाच. पाणी मात्र दर वेळी असायचं.

मराठवाड्याला हे नवं नव्हतं. जालन्याजवळ नारायण शेषाद्रींनी एकोणिसाव्या शतकातच बेथेल नावाची ख्रिस्ती वसाहत उभी केली होती. स्वतः ब्राह्मण, पण त्यांच्याबरोबर आले ते मुख्यतः मांग आणि महार. बीदरच्या पलीकडं मेदकचं मोठं चर्च चार्ल्स पॉस्नेट या मिशनऱ्यानं दुष्काळात लोकांना काम मिळावं म्हणून बांधायला काढलं आणि १९२४च्या नाताळात ते खुलं झालं. भालकीची आजी एकदा तिथं जाऊन आली होती. रंगीत काचांबद्दल तिनं चकार शब्द काढला नाही. “भुकेल्यांनी बांधलंय माय, म्हणून एवढं उंच झालं,” म्हणाली. हा हिशेब मला अजून नीट लागलेला नाही, पण तिला त्यात काहीतरी नक्की दिसलं होतं.

आता आजीकडचं. आमच्यातलं कुणी नागपूरला गेलं नव्हतं. एक चुलते गेले होते असं ते स्वतः सांगायचे. आजी म्हणायची, ते परळीपर्यंत गेले आणि तिथंच पाहुण्यांकडं राहिले. दीक्षा आमच्याकडं वस्तीतच झाली, बाबासाहेब गेल्यावर काही महिन्यांनी. बायकांनी पांढरी लुगडी नेसली होती. ज्यांच्याकडं पांढरं नव्हतं त्यांनी धोतर आडवं गुंडाळलं. देव्हाऱ्यातले टाक, मरीआईचा तांब्या, खंडोबाचा कोटंबा हे सगळं टोपल्यात घालून विहिरीत सोडलं. आजीनं टोपलं डोक्यावर घेतलं खरं, पण वाटेत तिचे पाय लटपटत होते. मरीआई कोपली तर? लेकराला ताप आला तर? रात्रभर ती धाकट्या मुलाच्या कपाळाला हात लावून बसली. सकाळी पोरगं भाकरी मागत उठलं. त्या दिवशी आपण बौद्ध झालो, असं ती मानायची. आदल्या दिवशी त्रिशरण म्हटलं ते तिच्या लेखी नुसतं तोंडानं.

दुसरी गोष्ट भाकरीची. वस्तीनं येसकरकी सोडली. संध्याकाळी टोपलं घेऊन दारोदार भाकरी मागायची नाही, मेलेलं ढोर ओढायचं नाही, असं ठरलं. पहिल्या वर्षी फार हाल झाले. गावानं बलुतं तोडलं, बांधावर पाय ठेवू देईनात. आजी सांगायची, त्या साली तिनं तरोट्याच्या भाजीत मूठभर कण्या टाकून दिवस काढले. पण मागितलं नाही. हे सांगताना ती पाठ ताठ करायची, वयाच्या ऐंशीतसुद्धा.

१९५१च्या शिरगणतीत आजच्या महाराष्ट्राच्या भागात बौद्ध होते अडीच हजारांच्या आसपास. १९६१ला ते २७ लाखांवर गेले. येशू आमच्या भागात घराघरानं आला, एखाद्या दुखण्यात, एखाद्या मरणात. बुद्ध मात्र सगळी वस्ती मिळून एका दिवसात आणला. कुणी कुणाला विचारत बसलं नाही, कारण बाबासाहेबांनी विचार करून ठेवला होता, तोही एकवीस वर्षं. १९३५ला येवल्यात ते धर्म सोडायचं बोलले आणि १९५६ला दीक्षा घेतली. मधल्या काळात मेथडिस्टांचे बिशप पिकेट यांच्यासारखी माणसं त्यांना भेटत होती, बोलत होती.

याच मधल्या काळातली सोलापूरची गोष्ट आमच्या घरात भांडणाचं कारण होती. आमचे एक चुलतआजोबा लातूरहून बार्शी लाइटच्या छोट्या गाडीनं निघाले आणि सोलापूरला गिरणीला लागले. १ जानेवारी १९३८ला बाबासाहेब सोलापुरात ख्रिस्ती मंडळींपुढं बोलले, ते आपण कानांनी ऐकलं असं ते सांगायचे. दारात उभं राहून ऐकलं, की कुणाकडून ऐकलं, की नंतर ‘जनता’ पत्रात छापून आलेलं कुणी वाचून दाखवलं, हे शेवटपर्यंत उलगडलं नाही. भालकीचे मास्तर उदगीरला आले की जेवणानंतर हा विषय निघायचाच.

मास्तर म्हणायचे, “तुमच्या बाबासाहेबांनीच सांगितलं न्हाई का, आपलं मन ओढणारे दोघंच, बुद्ध आणि ख्रिस्त?”

चुलतआजोबा अडकित्ता खाली ठेवायचे. “म्हणले की. पुढं काय म्हणले ते बी सांगा की मास्तर. तुमचे लोक बाप्तिस्मा देऊन मोकळे होतात, हक्काचं काय? राजकारणात तुमचं हाय कोण?”

दोघांचंही खरं होतं. त्या भाषणाचा वृत्तांत मी पुढं वाचला, तेव्हा दोन्ही गोष्टी त्यात सापडल्या. दक्षिणेतल्या चर्चमध्ये जाती वेगवेगळ्या बसतात, हेही बाबासाहेबांनी तिथं बोलून दाखवलं होतं, तेही ख्रिस्ती यजमानांच्या समोर. त्यांचे ख्रिस्ती धर्मांतराबद्दलचे मोठे लेख पेटीत राहिले आणि १९८९ला सरकारी खंडात छापून आले. त्यातला एक मुद्दा मला फार मोलाचा वाटतो. माणसाच्या अधोगतीचं मूळ त्याच्या पापात आहे असं शिकवलं, की भोवतालच्या समाजाला तो जाब विचारत नाही, स्वतःलाच बोल लावत राहतो. आजीला हे वाचून दाखवलं असतं तर ती म्हणाली असती, आम्ही कसलं पाप केलं होतं माय, भाकर मागायचं?

पण मास्तरही काही कच्चे नव्हते. त्यांना नारायण वामन टिळकांचे अभंग पाठ होते, पेटीवर ते तुकोबाच्या चालीत येशू गायचे आणि लक्ष्मीबाईंची ‘स्मृतिचित्रे’ शाळेत मुलांना वाचून दाखवायचे. ख्रिस्त परका आहे म्हणणाऱ्याला त्यांच्याकडं तयार उत्तर होतं. चुलतआजोबा तेव्हा गोदावरीवर यायचे. सुत्तनिपातात बावरी नावाचा तपस्वी आहे, गोदाकाठचा. त्यानं आपले सोळा शिष्य बुद्धाकडं पाठवले, तेही पैठणवरून. “बुद्ध हयात असताना आपल्याकडची माणसं त्याला भेटून आली,” ते म्हणायचे, जणू परवाच्या गाडीनं कुणी जाऊन आलं. पुराव्याच्या दृष्टीनं ही कथा काय आहे ते विद्वानांनी ठरवावं. चुलतआजोबांना मात्र तिच्यानं छाती भरून यायची.

या दोघांचं चाललेलं असताना बहिणी चुलीपाशी असायच्या. येळवसेच्या आदल्या रात्री तर त्यांना कुणाकडं बघायलाही फुरसत नसायची. येळवस आमच्याकडं दिवाळीहून मोठी; ज्यांना शेत नाही ते दुसऱ्याच्या शेतात जातात, पण जातात. भज्जीसाठी भाज्या चिरायच्या, बाजरीचे उंडे करायचे, आंबील माठात घालायची. भालकीची आजी आंबिलीला लसूण जास्त घालायची आणि अक्का ओरडायची. येळवस कुठल्या धर्मात बसते हा प्रश्न दोघींनाही कधी पडला नाही. काळ्या आईची पूजा आजी हात न जोडता करायची, म्हणजे नुसती आंबील शिंपडायची. भालकीची आजी आधी प्रार्थना म्हणायची आणि मग तीच आंबील शिंपडायची.

दोघींचा धर्म तोलायचा काटा एकच होता, दारू. माझे आजोबा प्यायचे. पंचशीलात पाचवं शील दारूचं, बावीस प्रतिज्ञांतही ती आहे; दीक्षेनंतर आजीनं आजोबांना रोज संध्याकाळी ती प्रतिज्ञा म्हणायला लावली. आजोबा प्रतिज्ञा म्हणायचे आणि पिऊन यायचे. तीन-चार वर्षांनी म्हणे सुटली. भालकीच्या आजीला हा त्रास नव्हता, म्हणून आपला येशू पुढं आहे असं ती अक्काला चिडवायची. “तुझा आधीच सुटलेला मिळाला,” आजी म्हणायची, “माझ्या बुद्धानं सोडवून दाखवला.”

एका ठिकाणी मात्र आजी धाकटीपुढं नमायची. आजीची मधली मुलगी बाळंतपणात गेली. विहारातली माणसं आली, वंदना झाली, सगळं अनित्य आहे असं कुणी समजावलं. आजी ऐकत राहिली, रडली नाही. मग भालकीहून बहीण आली, शेजारी बसली आणि मोठ्यानं देवाशी बोलायला लागली. बोलली कसली, भांडली. एवढी जवान पोर का नेलीस, असं सरळ विचारलं. तेव्हा आजीला रडू फुटलं. हे मला आईनं सांगितलं, आजीनं कधीच नाही. बुद्धाकडं गाऱ्हाणं नेता येत नाही. तो मार्ग दाखवतो, तारायला येत नाही, आणि बाबासाहेबांना तो पटला तोही यासाठीच. वस्ती उभी राहिली ती या शिकवणीवर. पण त्या दुपारी आजीला कुणाच्या तरी अंगावर ओरडायचं होतं. तिनं धर्म बदलला नाही. महिनाभर बहिणीला भालकीला जाऊ दिलं नाही, एवढंच.

कागदाचंही सांगायला हवं, धर्मावर बोलणारे ते टाळतात. १९५०च्या आदेशानुसार अनुसूचित जातीच्या सवलती हिंदूंना आणि १९५६पासून शिखांना होत्या. महाराष्ट्रानं १९६०पासून नवबौद्धांना राज्यापुरत्या दिल्या, केंद्राच्या मिळायला १९९० उजाडलं. ख्रिस्ती झालेल्यांना त्या नाहीत. भालकीकडच्या काही घरांत त्यामुळं चर्चमध्ये एक नाव आणि शाळेच्या दाखल्यावर दुसरं. मास्तरांनी मात्र मुलांच्या दाखल्यावर ख्रिस्तीच लिहिलं. थोरल्याची नोकरी हुकली तेव्हा त्यांनी जेवण सोडलं होतं म्हणतात. इकडं आमच्या लोकांनाही फुकट काही मिळालं नाही. १९७८ला मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव झाला आणि नांदेड-परभणीकडं वस्त्या पेटल्या. पोचीराम कांबळे मारले गेले, ते तर मातंग होते. त्या ऑगस्टमध्ये आमचं घर दोन पेट्या घेऊन भालकीला गेलं. चुलतआजोबांना मास्तरांनी आपली खाट दिली आणि स्वतः खाली निजले. तेवढे दिवस सोलापूरचा विषय कुणी काढला नाही.

आता चौघंही नाहीत. उदगीरला मोठा बुद्धविहार झाला आहे, गुलबर्ग्याच्या विहाराच्या धर्तीवर. ४ सप्टेंबर २०२४ला राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. पुढच्या हिवाळ्यात मास्तरांचा नातू बायकोपोरांसह गाडीनं तो बघायला आला. माझा भाऊ त्यांना आत घेऊन गेला. नातवाची पोरगी, असेल नऊ-दहा वर्षांची, मूर्तीपुढं उभी राहिली आणि तिनं विचारलं, “काका, इथं काय मागायचं असतंय?”

भाऊ म्हणाला, “इथं काही मागायचं नसतंय.”

“मग एवढा मोठा कशाला बांधला?”

नातू हसला आणि मेदकबद्दल काहीतरी बोलला. भावानं लगेच बाबासाहेबांचं सोलापूरचं भाषण काढलं. मी घरी येऊन चहा टाकला, तरी दोघांचं चालूच होतं. स्टेशनवर सोडायला गेलेला भाऊ त्या नादात गाडीतच बसून राहिला आणि कमालनगरला उतरून परत आला.