वाइनच्या यादीत पलूस कुठं आहे?

गेल्या महिन्यात एका लग्नासाठी पणजीला गेलो होतो. आंबोलीचा घाट उतरताना पुढंमागं निम्म्या गाड्या एमएच-०९ पासिंगच्या. रात्री पाव्हण्यांनी कसिनो असलेल्या एका पंचतारांकित हॉटेलात जेवायला नेलं. मशीनवर पैसे लावायची आपली ऐपत नाही आणि पितोही बेतानंच. मग वेटरनं पुढ्यात ठेवलेली वाइनची यादीच वाचत बसलो. बातमीदाराची खोड, दुसरं काय!

पहिली पानं फ्रान्स, इटलीची. मग ऑस्ट्रेलिया, चिली. भारत शेवटच्या पानावर, आणि तिथं बहुतेक नावं नाशिकची. परदेशी बाटलीपुढं गाव आणि द्राक्षाच्या हंगामाचं साल छापलेलं, आपल्या बाटलीपुढं नुसतं कंपनीचं नाव. खरं तर साल आपल्याच पांढऱ्या वाइनला जास्त लागू. सोविन्यों ब्लां, शेनिन ब्लां या ताज्या असतानाच चांगल्या लागतात. वेटरला विचारलं तर म्हणाला, "सर, फ्रेशच असते." दुकानात हजाराच्या आत मिळणारी बाटली तिथं चार हजारांच्या घरात. माझं मत सरळ आहे: यादी भारी होती, चांगली नव्हती.

पण मी शोधत होतो पलूस. ते कुठंच नव्हतं.

आता थोडा इतिहास. १९७६ साली दोन कायदे झाले. गोव्यात सार्वजनिक जुगार रोखणारा आणि महाराष्ट्रात कसिनोला परवाना देऊन कर वसूल करणारा. पुढं झालं उलटंच. गोव्यानं १९९२ मध्ये दुरुस्ती करून पंचतारांकित हॉटेलात मशीनवरच्या जुगाराला वाट दिली, १९९६ मध्ये जहाजांवर टेबलं मांडायला. महाराष्ट्राचा कायदा मात्र कधी अमलातच आला नाही. ४७ वर्षं कागदावर राहिला आणि २०२३ मध्ये सरकारनं तो रद्द करायचं ठरवलं. कसिनो आपल्याकडं आला नाही याचं मला दुःख नाही. घाट उतरून जाणारा पैसा आणि मोडणारी घरं आपण बघतोच.

वाइनचं तसं नाही. २००१ मध्ये महाराष्ट्रानं द्राक्ष प्रक्रिया धोरण आणलं. राज्यातल्या द्राक्षांपासून राज्यातच केलेल्या वाइनला उत्पादन शुल्क माफ केलं. दोन वाइन पार्क ठरले, नाशिकजवळ विंचूर आणि आपल्या सांगली जिल्ह्यात पलूस. तासगावचा बेदाणा जगभर जातो, मग शेजारच्या पलूसची वाइन का नाही जाणार, असा तो हिशेब होता.

माझ्या मामांनीही तेव्हा पाऊण एकर वाइनची द्राक्षं लावली. एका कंपनीशी करार झाला. या द्राक्षाचा मणी बारका, साल जाड, आत बिया. खायला कोण घेत नाही, बेदाणाही होत नाही. म्हणजे गिऱ्हाईक एकच, वाइनरी. २००८ नंतर जगभर मंदी आली, मुंबईवरच्या हल्ल्यानंतर पर्यटकही घटले. हॉटेलातला खप आटला, टाक्या भरून राहिल्या. मामांच्या कंपनीनं माल उचलला नाही. नाशिककडंही तेव्हा कितीतरी बागांवर कुऱ्हाड चालली. मामांनी वेल उपटले आणि ऊस लावला. आजही विषय काढला की म्हणतात, "करार त्यांचा होता रं, कर्ज माझं होतं."

नाशिक सावरलं, कारण तिथं मोठ्या कंपन्या टिकल्या, वाइनरी बघायला पर्यटक येऊ लागले. पलूसचं बस्तान तसं बसलं नाही. जानेवारी २०२२ मध्ये सुपरमार्केटात वाइन विकायचा निर्णय झाला, तेव्हा 'शेतकऱ्याच्या भल्यासाठी' हे शब्द पुन्हा ऐकले. विरोध झाला आणि निर्णय तिथंच अडकला. दारू घरोघरी जाईल ही आयाबायांची भीती खोटी नव्हती. पण त्या सगळ्या गदारोळात एक प्रश्न कुणीच विचारला नाही: वाइनरीनं माल नाकारला तर द्राक्षाचं काय? एकच गिऱ्हाईक असलेलं पीक लावायला सांगताना किमान भावाची किंवा भरपाईची हमी करारात का नको? उसाला एफआरपी आहे, म्हणून तर मामा उसाकडं वळले.

दरम्यान, ऑस्ट्रेलियाशी झालेला व्यापार करार डिसेंबर २०२२ पासून लागू झाला आणि तिकडच्या महागड्या वाइनवरचं १५० टक्के आयात शुल्क कमी होऊ लागलं. यादीतली ती पानं अजून जाड होतील. शेवटचं पान कोण सांभाळणार?

जेवण झालं. मी सोलकढीच घेतली. वेटरनं यादी उचलली, तेव्हा मला मामांचं ते पाऊण एकर आठवत होतं.

पलूस-तासगाव भागात तेव्हा ज्यांनी वाइनची द्राक्षं लावली, त्यांनी आपला अनुभव खाली जरूर लिहा. करार जपून ठेवला असेल तर त्यात भावाबद्दल काय लिहिलं होतं, तेही सांगा.