तळटीप : ‘पर्यटनाची भित्तिपत्रके’

लेखक केदारखेड्याचे, हे गाव जालना जिल्ह्याच्या भोकरदन तालुक्यात. जिल्हा १९८१ चा, त्याआधी हा तालुका औरंगाबाद जिल्ह्यात आणि १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. त्यामुळे अजिंठा-वेरूळची जाहिरात करणारी निजाम स्टेट रेल्वे त्यांच्या मुलखाचीच. पुढे मजकुरात आलेली अमेरिकी राष्ट्रीय उद्यानांची भित्तिपत्रके मात्र १९३८ ते १९४१ मधली, महामंदीतल्या सरकारी रोजगार योजनेतून झालेली. ती रेशमी जाळीतून, एकेका रंगाचा हात देत छापत. म्हणूनच सपाट रंग, ठसठशीत कडा, मोजकी अक्षरे. ही काटकसर अतिशय देखणी आहे. सोबतची चित्रे वाचकांनी जरूर निरखून पाहावीत. — संपादक