जिओकोडिंगची मर्यादा आणि मालकी

पत्त्याच्या मजकुरावरून अक्षांश-रेखांश काढण्याच्या क्रियेस जिओकोडिंग म्हणतात आणि तिच्या संगणकीय इतिहासातील एक ठळक टप्पा अमेरिकेच्या जनगणना खात्याने १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धात न्यू हेवन शहरात केलेल्या प्रयोगांचा आहे. तेथे सिद्ध झालेल्या ‘डाइम’ पद्धतीत रस्त्याच्या प्रत्येक तुकड्याची दोन टोके आणि दोन्ही बाजूंचे घरक्रमांक कोठून कोठवर जातात, हे नोंदवले जाई. त्यामुळे १०० ते १९८ क्रमांकांच्या तुकड्यावर १५० क्रमांकाचे घर साधारण मध्यावर पडते, असा अंदाज गणिताने बांधता येई. ही माहिती सरकारी असल्याने अमेरिकेत तिच्यावर स्वामित्वहक्क नव्हता.

गूगलने २००६ साली आपल्या नकाशासेवेत जिओकोडिंग खुले केले, तेव्हा दिवसाला ५०,००० पत्त्यांची मुभा होती. ती पुढे १५,००० आणि नंतर २,५०० वर आली. दरम्यान गूगलच्या ऑनलाइन स्प्रेडशीटला ‘ॲप्स स्क्रिप्ट’ची, म्हणजे छोट्या आज्ञावली लिहिण्याच्या सोयीची, जोड मिळाली आणि पत्त्यांच्या स्तंभाशेजारी स्वतः रचलेले सूत्र खाली ओढत नेले की काम होऊ लागले. मात्र प्रत्येक कोष्ठामागे सर्व्हरकडे स्वतंत्र विनंती जात असल्याने लांबलचक यादीत कोटा मध्येच संपे आणि उरलेल्या कोष्ठांत आकड्यांऐवजी त्रुटीचा संदेश उमटे. म्हणून जाणकार मंडळी हाती आलेले आकडे लगोलग ‘केवळ मूल्ये’ म्हणून चिकटवून सूत्र काढून टाकीत.

नेमक्या याच युक्तीच्या आड सेवाशर्ती येतात. अक्षांश-रेखांश फार तर ३० दिवस तात्पुरते साठवावेत आणि नकाशावर दाखवायचे तर गूगलच्याच नकाशावर दाखवावेत, अशी कंपनीची अट आहे. स्प्रेडशीट हे मुळात साठवणुकीचेच साधन असल्याने कोट्याच्या आकड्यापेक्षा ही अट कितीतरी अधिक जाचक ठरते, जरी चर्चा बहुधा आकड्याचीच होते. २०१८ मध्ये या सेवेसाठी देयक खाते सक्तीचे झाले आणि हजार पत्त्यांना ५ डॉलर असा मूळ दर लागू झाला.

ओपनस्ट्रीटमॅपच्या माहितीवर चालणारी ‘नॉमिनॅटिम’ सेवा श्रेय देण्यासारख्या परवान्याच्या अटी पाळल्यास उत्तरे साठवू देते, परंतु तिच्या सार्वजनिक सर्व्हरवर सेकंदाला एकाहून अधिक विनंती चालत नाही. अमेरिकेचे जनगणना खाते मात्र आजही एका फाइलमधील १०,००० पर्यंत पत्ते विनामूल्य उकलून देते. अर्थात केवळ आपल्या अखत्यारीतील प्रदेशातले.