अमर नायकाची गोडी

संगमनेरच्या प्रवरेला पुराणिक अमृतवाहिनी म्हणतात हे आपल्या भागातल्या शाळकरी पोरालाही ठाऊक असते. रतनगडाच्या पायथ्याशी, रतनवाडीला, अमृतेश्वराचे देऊळ आहे. तिकडून निघालेली ही नदी अकोले, संगमनेर करीत नेवाशाकडे जाते. मोहिनीने देवांना अमृत वाढले ते नेवाशाला, आणि पंगतीत चोरून बसलेल्या राहूचे मस्तक उडून पडले ते राहुरीला, असे लोक सांगतात. मरण चुकवण्याची एक गोष्टच या नदीच्या काठाकाठाने वाहते आहे म्हणा ना! तेव्हा ज्याला मरण नाही असा नायक, त्याच्यावर जीव टाकणारी नायिका, जुना काळ, राजवाडे, चमत्कार, अशी एखादी कादंबरी कुणा संगमनेरकराने रात्र जागून संपवली तर नवल ते काय?

पण असे वाचन लोक सांगत नाहीत, लपवतात. लहानपणी माझ्या हातून असेच एक पुस्तक मास्तरांनी काढून घेतले होते. ते परत मिळाले नाही, आणि शेवटी काय झाले हे आजतागायत मला कळलेले नाही. ही लाज मात्र जुनी आहे. १८६१ साली लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची ‘मुक्तामाला’ आली, १८६८ साली नारो सदाशिव रिसबूड यांची ‘मंजुघोषा’. अद्भुताची रेलचेल, देखणी माणसे, विरह, संकटे आणि शेवटी मीलन. लोकांनी त्या आवडीने वाचल्या. लगेच १८७२ साली काशीनाथ बाळकृष्ण मराठे यांनी नावल आणि नाटक यांच्यावर निबंध लिहिला आणि या असंभाव्य गोष्टींचे माप काढले. मराठ्यांचे म्हणणे खोटे नव्हते. पण ही गोडी काही छापखान्याने लावलेली नव्हती. ती त्याआधीच घरोघर होती.

आता एक योगायोग ऐका. १८१८ साली पेशवाई बुडाली. दुसऱ्या वर्षी, १८१९ साली, संगमनेरचे शाहीर अनंत फंदी वारले. त्याच साली, म्हणजे शके १७४१ च्या ज्येष्ठ शुद्ध प्रतिपदेला, धुंडीसुत मालू या कवीने ‘नवनाथ भक्तिसार’ हा चाळीस अध्यायांचा ओवीग्रंथ पुरा केला. आणि त्याच १८१९ सालच्या एप्रिलात, तिकडे लंडनच्या एका मासिकात, जॉन पॉलिडोरी नावाच्या तरुण डॉक्टराची एक भयकथा छापून आली. त्या कथेतला उमराव मेला तरी मरत नाही. तरण्या पोरींचे रक्त पिऊन जगतो. इंग्रजीत पुढे दोनशे वर्षे जे देखणे, उदास, अमर नायक झाले, त्यांचा मूळपुरुष हाच. १८९७ सालचा ड्रॅक्युला त्याच्याच वंशातला. आणि हल्लीच्या कादंबऱ्यांत नायिकेवर खरेखुरे प्रेम करणारा अमर पुरुष येतो, तोही याचाच माणसाळलेला पणतू.

मालूकवीला लंडनची खबर नव्हती, पॉलिडोरीला मालूची नव्हती. पण एकाच साली दोघांनी मरण नसलेला पुरुष लोकांपुढे उभा केला. आता आपला कसा आहे तो पाहू. भक्तिसार ही कादंबरी नव्हे. भाविकांची पोथी आहे, श्रावणात तिची पारायणे होतात. तरी ऐकणारा पुण्याबरोबर रसही घेतोच, आणि त्यात काही पाप नाही.

गौड बंगालचा राजा गोपीचंद ऐन तारुण्यात आहे. सुगंधी उटणी लावून त्याला न्हाऊ घालताहेत, आणि वरून आई मैनावती पाहते आहे. तिला त्याच्या बापाचा असाच देखणा देह आठवतो, त्या देहाची राख आठवते, आणि तिचा ऊन आसू पोराच्या अंगावर पडतो. गार पाण्यात हा ऊन थेंब कुठला, म्हणून तो वर पाहतो. सारी कथा या थेंबातून निघते. पोराला मरण नको, म्हणून त्याने जालिंदरनाथाचा शिष्य व्हावे, असे आई म्हणते. राण्यांना वाटते, गेला आपला नवरा! त्या सासूवर बालंट घेतात, राजा भडकतो आणि नाथाला खड्ड्यात घालून वर घोड्यांची लीद टाकून पुरतो. वर्षे लोटतात. कानिफनाथ येतो तेव्हा गुरूचा कोप राजावर पडू नये म्हणून राजाचे धातूचे पुतळे करून खड्ड्याशी ठेवतात. “कोण आहे?” “गोपीचंद.” आतून शब्द येतो, जळून भस्म हो! पुतळा जळतो. असे एकामागून एक पुतळे जळतात, आणि शेवटी नाथाचा राग सरतो. एवढा जळूनही हा जिवंत आहे, तर आता अमर हो.

अमर झाला. आता पुढे काय? इंग्रजी कादंबरी असती तर इथून राणीचा हात धरून युगानुयुगे नांदला असता. आपला गोपीचंद अंगाला राख फासतो, झोळी घेतो आणि स्वतःच्याच वाड्यासमोर भिक्षेला उभा राहतो. ज्या राणीने काल त्याला पानाचा विडा दिला, तिला तो माई म्हणतो. गावोगाव फिरणारे नाथपंथी जोगी ही कथा गात आले आहेत. बायाबापड्या डोळ्यांना पदर लावतात त्या इथेच. राजा अमर झाला म्हणून कुणी हसत नाही, राणी एकटी पडली म्हणून सगळ्या रडतात.

भर्तरी आणि पिंगळेचे असेच. गोरखनाथ तिच्यासारख्याच कितीतरी पिंगळा त्याच्यापुढे उभ्या करतो, ओळख म्हणतो यातली तुझी. मच्छिंद्रनाथ तर स्त्रीराज्यात राणीच्या प्रेमात सुखाने राहिला होता. शिष्य येऊन त्याला परत घेऊन गेला. १९३२ साली प्रभात कंपनीने ‘माया मच्छिंद्र’ हा बोलपट काढला, त्यात गोविंदराव टेंबे मच्छिंद्रनाथ आणि दुर्गाबाई खोटे राणी. प्रेक्षक काही तत्त्वज्ञानासाठी तिकीट काढून आले नव्हते.

आणखी एक अमर आहे, अश्वत्थामा. नंदुरबारकडे सातपुड्यात अस्तंब्याच्या शिखरावर दिवाळीत आदिवासी बांधव त्याच्या यात्रेला चढतात. कपाळावरची जखम भरत नाही म्हणून तेल मागत फिरणारा तो. त्याचे अमरपण शापाचे.

शिक्षकबंधूंना इथे अडचण येते. पोरगे विचारते, गुरुजी, हे खरे घडले का? खोटे म्हणावे तर घरी पोथी आहे, खरे म्हणावे तर इतिहासाचा तास आहे. अशा वेळी नकाशा काढावा. बांगलादेशात कोमिल्ला शहराजवळ मयनामती नावाच्या टेकड्या आहेत, तिथे जुन्या बौद्ध विहारांचे अवशेष निघाले. टेकड्यांचे नाव या कथेतल्या राणीवरून पडले, असे सांगतात. ग्रिअर्सन साहेबाने रंगपूरच्या खेडुतांकडून याच घराण्याचे गाणे उतरवून घेतले आणि १८७८ साली छापले. अकराव्या शतकात राजेंद्र चोळाच्या शिलालेखात हरलेला बंगालचा गोविंदचंद्र येतो. तोच गोपीचंद असावा असा काही संशोधकांचा तर्क आहे. तर्कच, पुरावा नव्हे. पण बंगालची गोष्ट आपल्याकडे कशी आली हे मात्र सांगता येते. जोग्यांच्या पायांनी आली. ज्ञानेश्वरांनी १२९० साली प्रवरेच्याच काठी, नेवाशाला, ज्ञानेश्वरी सांगितली, आणि शेवटी मत्स्येंद्र, गोरक्ष, गहिनी, निवृत्ती अशी आपली गुरुपरंपरा दिली. जोगी कुठून कुठे चालत गेले, हा इतिहास. पुतळे जळाले, ही कथा. दोन्ही एकाच तासात सांगता येतात, फक्त वेगवेगळ्या आवाजात.

म्हणून पोराच्या दप्तरात अशी कादंबरी सापडली तर ती काढून घेऊ नका. वाचू द्या. संपली की एवढेच विचारा: नायक अमर झाला हे ठीक, पण घरी कोण राहिले? गोपीचंदाच्या वाड्यातल्या राण्यांचे पुढे काय झाले, हे मी अजून कुणा जोग्याला विचारलेले नाही.