मराठीचं सोनं हिंदीच्या रकान्यात

मराठी सिनेमावर गप्पा सुरू झाल्या की दोन वर्षं हमखास निघतात. १९५४ आणि २००४. १९५४मध्ये भारत सरकारने पहिल्यांदा सिनेमांना पुरस्कार दिले आणि सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं राष्ट्रपती सुवर्णपदक आचार्य अत्र्यांच्या ‘श्यामची आई’ला मिळालं. २००४मध्ये तोच मान संदीप सावंत यांच्या ‘श्वास’ने मिळवला. मधल्या पन्नास वर्षांत एकाही मराठी सिनेमाला तो मिळाला नाही.

याचा अर्थ लावायच्या आपल्याकडे दोन पद्धती आहेत. एक, दिल्लीवाल्यांनी आपल्यावर अन्याय केला. दोन, आपले सिनेमेच त्या लायकीचे नव्हते. तमाशापट झाले, मग विनोदी सिनेमांची लाट आली, संपला विषय. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दर वर्षी पुरस्कार जाहीर झाले की हे दोन्ही पक्ष एकमेकांवर तुटून पडतात.

मी विश्रांतवाडीत राहतो, कंपनीत कोड लिहितो आणि पुरस्कारांच्या याद्या वाचायचा मला नाद आहे. त्यासाठी एक एक्सेल शीट केली आहे: वर्ष, सिनेमा, भाषा, कोण जिंकलं, आणि शेवटच्या रकान्यात माझ्या मते कोण जिंकायला हवं होतं. भाषेवर फिल्टर लावून ‘मराठी’ निवडलं की ती पन्नास वर्षं खरोखरच रिकामी दिसतात. पण फिल्टर काढून नावं वाचत गेलं की दोन्ही पक्षांचं म्हणणं अपुरं वाटायला लागतं.

आधी अन्यायवाल्यांकडे बघू. पुरस्कारांच्या दुसऱ्या वर्षापासून भाषावार रौप्यपदकं सुरू झाली आणि मराठीचं पहिलं रौप्यपदक पुन्हा अत्र्यांनाच मिळालं, ‘महात्मा फुले’साठी. भाषेचं वेगळं पदक आलं म्हणून सोन्याचं दार बंद झालं असं मात्र नव्हतं. ‘पथेर पांचाली’ला पुढच्याच वर्षी बंगालीचं रौप्य मिळालं आणि देशाचं सुवर्णही. मल्याळमच्या ‘चेम्मीन’ने १९६५चं सुवर्ण नेलं. कन्नडच्या ‘संस्कार’ने १९७०चं, ‘चोमन दुडी’ने १९७५चं, ‘घटश्राद्ध’ने १९७७चं. दिल्लीला हिंदीशिवाय काही दिसत नव्हतं, ही तक्रार या यादीपुढे टिकत नाही.

मग लायकीवाल्यांचं बरोबर का? त्यांनी १९५७ची ओळ वाचावी. त्या वर्षीचं सुवर्ण ‘दो आँखें बारह हाथ’ला मिळालं. दिग्दर्शक व्ही. शांताराम, कोल्हापूरचे, प्रभातचे. लेखन ग. दि. माडगूळकरांचं. आणि गोष्ट? खुनाची शिक्षा झालेले सहा कैदी भिंतींशिवाय, विश्वासावर शेती करायला बाहेर ठेवले जातात. असा प्रयोग खरोखर झाला होता औंध संस्थानात, आटपाडीजवळच्या स्वतंत्रपूरला. माडगूळकर त्याच माणदेशातले. म्हणजे गोष्ट आपल्या मातीतली, लिहिणारा आपला, बनवणारा आपला. बर्लिनला त्याला रौप्य अस्वल मिळालं. फक्त सिनेमा हिंदी. आमच्या शेजारी येरवड्यात आजही खुलं कारागृह आहे. तिथून जाताना मला हा सिनेमा हटकून आठवतो, पण माझ्या शीटमध्ये तो मराठीचा फिल्टर लावला की गायब होतो.

ही एकच ओळ असती तर योगायोग म्हणून सोडून दिली असती.

आता स्मिता पाटीलचं बघा. पुण्यात वाढलेली, मुंबई दूरदर्शनवर मराठी बातम्या देणारी मुलगी. तिला अभिनयाचे दोन राष्ट्रीय पुरस्कार मिळाले. पहिला श्याम बेनेगल यांच्या ‘भूमिका’साठी. हा सिनेमा कशावर बेतलेला? मराठी अभिनेत्री हंसा वाडकर यांच्या ‘सांगत्ये ऐका’ या आत्मकथनावर. दुसरा रवींद्र धर्मराज यांच्या ‘चक्र’साठी. तो जयवंत दळवी यांच्या कादंबरीवर. पुस्तकं दोन्ही मराठी, बाई मराठी, सिनेमे दोन्ही हिंदी.

तिच्या मराठीतल्या सगळ्यात मोठ्या भूमिकेचं काय झालं? जब्बार पटेल यांच्या ‘उंबरठा’ला १९८१च्या राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा मान मिळाला. सर्वोत्कृष्ट अभिनेत्री त्या वर्षी रेखा ठरली, ‘उमराव जान’साठी. माझ्या शीटच्या शेवटच्या रकान्यात इथे स्मिताचं नाव आहे. रेखा वाईट होती असं कोणी म्हणणार नाही. पण उमरावच्या मागे गझला आहेत, पोशाख आहेत, अख्खं लखनौ उभं आहे. सुलभा महाजनकडे सुती साडी आणि सुधारगृहाची कचेरी, एवढंच. घर सोडून कामावर गेलेली बाई परत येते आणि घरात आपली जागा उरली नाही हे तिला कळतं, तेव्हाचा तो चेहरा बघा. त्या चेहऱ्याला आधार द्यायला गाण्याची ओळसुद्धा नाही. माझं मत मी त्या चेहऱ्याला देतो.

विजय तेंडुलकरांची गोष्टही तशीच. ‘सामना’ त्यांनी मराठीत लिहिला. साखर कारखाना, हिंदुराव धोंडे पाटील, ‘मारुती कांबळेचं काय झालं’ हा प्रश्न. १९७५मध्ये तो बर्लिनच्या स्पर्धेत गेला, इथे सर्वोत्कृष्ट मराठी ठरला. पण पटकथेचा राष्ट्रीय पुरस्कार तेंडुलकरांना मिळाला तो ‘मंथन’साठी, हिंदीत. पुढे ‘अर्धसत्य’ आला. श्री. दा. पानवलकरांची मराठी कथा, तेंडुलकरांची पटकथा, मुंबई पोलिसातला वेलणकर नावाचा सब-इन्स्पेक्टर. ओम पुरींना राष्ट्रीय पुरस्कार. भाषेचा रकाना: हिंदी.

भानू अथैया तर आणखी पुढे गेल्या. कोल्हापूरच्या राजोपाध्ये घराण्यातली ही चित्रकार मुलगी. ऑस्कर जिंकणाऱ्या त्या पहिल्या भारतीय. १९८३ साली, ‘गांधी’च्या वेशभूषेसाठी, म्हणजे इंग्रजी सिनेमासाठी. ती बाहुली नीट जपली जावी म्हणून २०१२मध्ये त्यांनी ती अकादमीकडेच परत सोपवली.

तेव्हा मला दिसतं ते असं. त्या पन्नास वर्षांत मराठीला सोनं मिळत होतं, पण ते दुसऱ्या भाषेच्या खात्यावर जमा होत होतं. बंगाली दिग्दर्शकाच्या शहरात त्याच्याच भाषेचा धंदा होता. मराठी कलावंताच्या शहरात मात्र देशातला सगळ्यात मोठा हिंदी धंदा उभा होता, दादरहून लोकलने जाण्याच्या अंतरावर. पैसा तिथे, थिएटरं तिथे, समांतर सिनेमालाही थोडाफार प्रेक्षक तिथेच. यात कोणाचं कारस्थान नव्हतं. जास्त लोकांपर्यंत पोचायचं तर भाषा बदला, एवढाच हिशेब. आमच्या धंद्यात तो रोजचा आहे. दिवसभर इंग्रजीत मीटिंग करायची आणि संध्याकाळी टिंगरेनगरच्या टपरीवर मराठीत श्वास घ्यायचा. म्हणून त्या लोकांना मी दोष देत नाही. किंमत काय पडली तेवढं सांगतो. हंसा वाडकरांची गोष्ट हंसा वाडकरांच्या भाषेत पडद्यावर यायची राहिली, आणि ‘चक्र’मधल्या झोपडपट्टीतली माणसं दळवींच्या मराठीत बोललीच नाहीत.

या हिशेबात ‘श्वास’ला माझ्या लेखी मोठी जागा आहे. माधवी घारपुरे यांची कथा. कोकणातला आजोबा नातवाला घेऊन शहरातल्या दवाखान्यात येतो, नातवाच्या डोळ्यांत कॅन्सर आहे, ऑपरेशन झालं की दिसणार नाही. हा सिनेमा हिंदीत करणं सोपं होतं. मोठा नट मिळाला असता. त्यांनी तो मराठीत केला, आणि सुवर्णकमळ मिळाल्यावर तो भारतातर्फे ऑस्करलाही गेला. देशातून एकच सिनेमा जातो. तिकडे मतदारांना तो दाखवायचा, जाहिरात करायची, म्हणजे पैसे हवेत. ‘श्वास’वाल्यांकडे ते नव्हते. लोकांनी वर्गणी काढली. नामांकन मिळालं नाही. पुढे ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ आणि ‘कोर्ट’ही गेले, त्यांनाही नाही. मला त्याचं फार वाईट वाटत नाही. भारताच्या वाट्याला या विभागात आजवर तीनच नामांकनं आली आहेत: ‘मदर इंडिया’, ‘सलाम बॉम्बे’ आणि ‘लगान’.

ऑस्करपेक्षा घरात जे बदललं ते महत्त्वाचं. ‘देऊळ’ला २०११चं सुवर्णकमळ, ‘ब्यारी’ या सिनेमासोबत विभागून. ‘कोर्ट’ला २०१४चं. सुमित्रा भावे–सुनील सुकथनकर यांच्या ‘कासव’ला २०१६चं. पन्नास वर्षांत शून्य, आणि ‘श्वास’ धरून पुढच्या चौदा वर्षांत चार. अभिनयातही तेच. ‘देऊळ’साठी गिरीश कुलकर्णी, ‘अनुमती’साठी विक्रम गोखले, ‘धग’साठी उषा जाधव. स्मिताला ज्यासाठी भाषा बदलावी लागली, ते उषा जाधवला मराठीत राहून मिळालं.

तरी सगळं आलबेल झालं असं नाही, आणि इथे माझी खरी तक्रार आहे. २०१३च्या पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपट ठरला ‘आजचा दिवस माझा’. ‘फँड्री’ला मिळाला पदार्पणाचा पुरस्कार, आणि सोमनाथ अवघडेला बालकलाकाराचा. ‘आजचा दिवस माझा’ मला आवडतो. मुख्यमंत्र्याची एका रात्रीची गोष्ट, छान बांधलेली. पण ‘फँड्री’त मेलेलं डुक्कर बांबूला बांधून जब्याचं कुटुंब शाळेच्या भिंतीवरून चालत जातं आणि त्या भिंतीवर बाबासाहेब आणि फुले रंगवलेले असतात. विश्रांतवाडीसारख्या, बाबासाहेबांचा फोटो घराघरात असलेल्या भागात वाढलेल्या माणसाला ती फ्रेम समजावून सांगावी लागत नाही. ज्या भाषेचं पहिलं रौप्यपदक ‘महात्मा फुले’ला मिळालं, त्या भाषेचा त्या वर्षीचा सर्वोत्कृष्ट सिनेमा दुसरा कोणता असूच शकत नव्हता. ‘पहिला प्रयत्न चांगला आहे’ अशी पाठीवर थाप देऊन मोकळं होण्यासारखा तो सिनेमा नाही.

नागराज मंजुळेंनी पुढच्याच सिनेमात चित्र उलटं केलं. ‘सैराट’ अजून थिएटरात यायचा होता तेव्हाच रिंकू राजगुरूला राष्ट्रीय पुरस्कारांत विशेष उल्लेख मिळाला. एप्रिल २०१६मध्ये सिनेमा आला आणि सगळा महाराष्ट्र नाचला. दोन वर्षांनी हिंदीवाल्यांनी त्याचा ‘धडक’ केला. ‘भूमिका’च्या काळी मराठी गोष्ट हिंदीत जाऊन पहिल्यांदा सिनेमा व्हायची. आता ती मराठीत आधी सिनेमा होते, गाजते, मग तिकडे जाते. आणि दोन्ही बघितलेल्यांना मूळ कुठलं आणि नक्कल कुठली हे सांगावं लागत नाही.

शीटमध्ये मी आता एक जास्तीचा रकाना टाकला आहे: ‘गोष्ट मुळात कोणत्या भाषेतली’. फोनवर जुना हिंदी सिनेमा लावाल तेव्हा सुरुवातीची नामावली पुढे ढकलू नका. कथा कोणाची, पटकथा कोणाची, ते वाचा. दळवी, पानवलकर, तेंडुलकर, माडगूळकर अशी नावं सापडतील. माझ्या त्या रकान्यात अजून बऱ्याच ओळी रिकाम्या आहेत.