भिंतीतल्या तीन भोकांमागे

जळगाव-धुळ्याच्या शिवारात ‘थ्री फेज आली का?’ हा प्रश्न ‘पाऊस आला का?’ इतकाच नेहमीचा. मोटारीला तीन फेज लागतात, घरच्या पंख्याला एक पुरते, हे इथल्या शेतकऱ्याला कुणी शिकवावं लागत नाही. म्हणून खान्देशातल्या वाचकासाठी विजेवरच्या या पुस्तकाचं दार आधीच अर्धं उघडं आहे.

अडतं ते पुढे. धुळ्याहून लेकीकडे अमेरिकेत नेलेला मिक्सर तिथे जोरच धरत नाही. तिथल्या साध्या सॉकेटात १२० व्होल्ट, आपल्याकडे २३०. हा फरक निसर्गनियमातून आलेला नाही. एडिसनने १८८२ साली न्यूयॉर्कात वीज विकायला घेतली ती त्याच्या दिव्यांना मानवणाऱ्या ११० व्होल्टांच्या आसपास. घरोघरी दिवे लागल्यावर आकडा बदलणार कोण? युरोपातल्या शहरांनी पुढे दाब दुप्पट केला. तेवढीच शक्ती मग निम्म्या प्रवाहात जाते आणि त्याच तारेतली नासाडी चौथाईवर येते. आपण त्याच वाटेने गेलो. म्हणून आपल्याकडे एक डीपी अख्ख्या गल्लीला पुरते. अमेरिकेत थोड्याथोडक्या घरांमागे खांबावर छोटा ट्रान्सफॉर्मर टांगलेला दिसतो.

जपानने तर एका देशात दोन संसार मांडले. टोकियोने जर्मन यंत्रं घेतली, ओसाकाने अमेरिकन. आजही पूर्वेला वीज सेकंदाला ५० वेळा हेलकावते, म्हणजे ५० हर्ट्झ, पश्चिमेला ६०.

मला खरी गंमत वाटते ती प्लगची. आपली गोल पायांची थ्री-पिन मूळची ब्रिटिश. तांबं वाचवणाऱ्या नव्या वायरिंगसाठी ब्रिटनने चौकोनी पायांचा, पोटात फ्यूज असलेला प्लग आणला, तो नेमका १९४७ साली! इंग्रज गेले, त्यांनी स्वतः टाकलेली पिन आपण ठेवली.

एकदा पडलेला ठेका सहसा मोडत नाही. दीपनगरच्या औष्णिक केंद्राची वीज ५० हर्ट्झची, भुसावळवरून धावणारी रेल्वे २५,००० व्होल्टांची पण ५० हर्ट्झचीच. साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलच्या पवनचक्क्या आणि शिवाजीनगरचा सौर प्रकल्प कितीतरी उशिरा आले, त्यांनाही त्याच तालावर यावं लागलं. सौर पट्ट्यांना तर मुळात हर्ट्झच नसतात. ते इन्व्हर्टरकडून उसने घ्यावे लागतात.

गणिताचा कंटाळा असेल तर सूत्रं खुशाल गाळा. मात्र पहिलं प्रकरण उघडण्याआधी घरच्या मिक्सरच्या बुडाची पट्टी वाचून ठेवा. व्होल्ट, हर्ट्झ आणि वॅट हे तिथले तीन आकडे लगेच लागणार आहेत.